तोडलेल्या द्राक्षाची कथा



‘कोल्ह्याला द्राक्षें आंबट’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. उडी पोंचली नाहीं म्हणून कोल्हा द्राक्षांना नांवें ठेवतो आणि आपण कोल्ह्याला हंसतों. पण घटकाभर असें धरून चालूं कीं, तीं द्राक्षें खरोखरीच आंबट होतीं. मग तो घड हातीं लागून तरी कोल्ह्याचा काय लाभ झाला असता? आंबा असता तर तो अढींत घालतां आला असता. केळीचा घड असता तर धुरी देऊन पिकवितां आला असता. चार दिवस धीर धरला कीं फळ गोड! द्राक्षाच्या बाबतींत ही सोय नाहीं. वेलीवरून तोडतेवेळीं तें जितकें गोड असेल तितकेंच गोड. पुढें तें सुकेल, कुजेल, देठापासून गळेल, पण अधिक पिकणार मात्र नाहीं.

याचें कारण साधें आहे. आंबा, केळें यांच्या गरांत पिष्टाचा सांठा असतो आणि फळ उतरल्यावर त्या पिष्टाची साखर होते. द्राक्षाच्या मण्यांत असा सांठा नसतो. त्याची सारी साखर पानांनीं तयार केलेली व देठावाटे आंत आलेली असते. देठ तुटला कीं ही आवक कायमची बंद. म्हणून द्राक्षें ताजीं व गोड ठेवणें याचा अर्थ त्यांत कांहीं भर घालणें असा नव्हे. जें आहे त्याचा क्षय लांबविणें, एवढाच. हा क्षय लांबविण्यासाठीं माणसानें गेल्या दोन हजार वर्षांत काय काय केलें, आणि त्यामुळें द्राक्ष कोणाच्या ताटांत पडलें व कोणाच्या पडलें नाहीं, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

तोडलेल्या द्राक्षाचे शत्रु मुख्यतः तीन. पहिला शत्रु कोरडी हवा. मण्यावर जो पांढुरका थर दिसतो तो मेणासारख्या द्रव्याचा असतो, आणि आंतलें पाणी उडून जाण्यास तो बराच प्रतिबंध करतो. देठाला मात्र असें कवच नसतें. म्हणून प्रथम देठ सुकून तपकिरी होतो व मागाहून मणी सुरकुततात. घडाचें वजन शेंकडा पांचाच्या आसपास घटलें कीं सुरकुत्या डोळ्यांना दिसूं लागतात. दुसरा शत्रु बुरशी, आणि त्यांतहि करड्या रंगाची एक बुरशी फार चिवट. एक मणी नासला कीं ती शेजारच्या मण्यांत शिरते. बर्फाइतक्या थंडींतहि ती मरत नाहीं, फक्त मंदावते. तिसरा शत्रु म्हणजे हिसका व दाब. मणी चिरला कीं रस पाझरतो, आणि रस पाझरला कीं बुरशीला आयतेंच पक्वान्न मिळतें.

खरी अडचण अशी कीं, पहिल्या दोन शत्रूंचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. घड सुकूं नये म्हणून तो झांकून ओलाव्यांत ठेवावा, तर बुरशी माजते. बुरशी माजूं नये म्हणून वाऱ्यावर टांगावा, तर त्याचा बेदाणा होऊं लागतो. धरलें तर चावतें, सोडलें तर पळतें, अशांतला हा प्रकार! द्राक्षें टिकविण्याचा सारा इतिहास म्हणजे या दोहोंमधली वाट शोधण्याचा इतिहास होय.

या इतिहासाचीं पहिलीं स्पष्ट पानें रोमन लोकांनीं लिहिलेलीं आहेत. ख्रिस्तपूर्व १६० च्या सुमारास केटो या करड्या स्वभावाच्या मुत्सद्द्यानें शेतीवर एक ग्रंथ लिहिला. खावयाचीं द्राक्षें मडक्यांत भरून तीं मडकीं द्राक्षांच्या चोथ्यांत ठेवावीं, असें त्यानें त्यांत सांगितलें आहे. त्याच्यानंतर सुमारें सव्वादोनशें वर्षांनीं कोलुमेला या दुसऱ्या रोमन ग्रंथकारानें याहून बारकाईची कृति दिली. घड तोडल्याबरोबर देठाचें टोंक राळेंत बुडवावें. मातीच्या नव्या परातींत अगदीं कोरडा, चाळून धूळ काढलेला भुसा पसरावा व त्यावर घड ठेवावे. वर दुसरी परात पालथी घालावी, दोहोंची सांध भुसा घालून मळलेल्या चिखलानें लिंपून टाकावी, आणि हीं भांडीं कोरड्या माळ्यावर पुनः भुशांत पुरून ठेवावीं. या कृतींतील प्रत्येक गोष्टीला अर्थ आहे. राळेनें देठाचें तोंड बंद झालें, म्हणजे पाणी उडण्याची एक वाट बंद झाली. भुशानें पाझरलेला ओलावा टिपून घेतला, म्हणजे बुरशीचें अन्न तोडलें. लिंपलेल्या परातींनीं हवा कोंडून धरली. बुरशी हा सूक्ष्म जीव आहे हें ठाऊक नसतांनाहि, केवळ वर्षानुवर्षांच्या निरीक्षणानें हे लोक त्या मधल्या वाटेच्या अगदीं जवळ येऊन पोंचले होते.

आतां रोमपासून दूर, आपल्या वायव्येच्या डोंगराळ प्रदेशांत येऊं. या प्रदेशाच्या द्राक्षांची कीर्ति आपल्या व्याकरणकारांनाहि ठाऊक होती. काबूलच्या उत्तरेस कापिशी नांवाची प्राचीन नगरी होती. तेथील वस्तूंचा निर्देश करणारा शब्द कसा साधावा यासाठीं पाणिनीनें एक सूत्र केलें आहे, आणि काशिकाकारांनीं त्याच्या उदाहरणांत ‘कापिशायनी द्राक्षा’ दिली आहे. व्याकरणाच्या उदाहरणांत एखादें फळ येतें तें तें सर्वतोमुखीं असल्याशिवाय नव्हे.

याच काबूलच्या उत्तरेकडील खेड्यांतून द्राक्षें टिकविण्याची एक पद्धत आजतागायत चालूं आहे. तिला कंगीना म्हणतात. माती व पेंढ्याचा चुरा एकत्र मळून त्याच्या पसरट वाट्या करावयाच्या व उन्हांत वाळवावयाच्या. एका वाटींत किलो-दोन किलो निवडक द्राक्षें ठेवून तिच्यावर दुसरी वाटी पालथी घालावयाची आणि कडा ओल्या मातीनें लिंपून टाकावयाच्या. द्राक्षेंहि कोणतींहि चालत नाहींत. हंगामाच्या अखेरीस येणारीं, जाड सालीचीं तायफी जातीचीं घेतात. हीं मातीचीं पुडकीं थंड व अंधाऱ्या जागीं ठेवलीं म्हणजे नवरोजच्या सणाला, मार्च महिन्यांत, तीं फोडून ताजीं द्राक्षें खातां येतात. चार-पांच महिने फळ टिकतें, आणि खर्च काय, तर माती व पेंढा! बंद वाटींत मणी श्वसन करीत राहतात. त्यामुळें आंतला प्राणवायु घटतो, कर्बाम्लवायु वाढतो, आणि फळाचें जिणें व बुरशीची वाढ दोन्ही मंदावतात. कोलुमेलाच्या दोन पराती आणि अफगाण शेतकऱ्याच्या दोन वाट्या यांत किती साम्य आहे तें पाहा. एकानें दुसऱ्याची नक्कल केली असेंच मानण्याचें कारण नाहीं. अडचण एक असली म्हणजे शहाणीं माणसें निरनिराळ्या देशांत एकाच उत्तराशीं येऊन पोंचतात.

परंतु कंगीना जागच्या जागीं ठेवण्याच्या कामाची. मातीचीं कच्चीं भांडीं उंटाच्या पाठीवरून खैबरखिंड कशीं उतरणार? प्रवासासाठीं निराळी युक्ति हवी होती, आणि ती कापसानें पुरविली. बाबरानें हिंदुस्थान जिंकलें, पण काबूलच्या फळांची ओढ त्याच्या आत्मचरित्रांत जागोजाग दिसते. त्याच्या नातवाच्या वेळीं ही ओढ व्यापारानें पुरी केली. काबूल, कंदाहार व काश्मीर ताब्यांत आल्यापासून फळांचीं ओझींच्या ओझीं येऊं लागलीं व दुकानें वर्षभर भरलेलीं राहूं लागलीं, असें अबुल फझलनें ‘आईन-इ-अकबरी’ंत नमूद केलें आहे. औरंगजेबाच्या पदरीं राहिलेला फ्रेंच वैद्य बर्निए यानें १६६३ सालीं दिल्लीचें जें वर्णन लिहिलें, त्यांत हिंवाळ्यांत तिकडून कापसांत गुंडाळून येणाऱ्या काळ्या व पांढऱ्या ताज्या द्राक्षांचा उल्लेख आहे. आणि हीं परदेशीं फळें किती महाग पडत हेंहि त्यानें सांगितलें आहे. कापूस हिसका सोशी, मण्याला मणी घांसूं देत नसे आणि एखादा फुटलाच तर त्याचा रस जागच्या जागीं टिपून घेई.

पुढें पातळ लांकडाच्या गोल पेट्यांत कापसाच्या थरावर रचलेलीं काबुली द्राक्षें उत्तर हिंदुस्थानांतील शहरांच्या परिचयाचीं झालीं. रवींद्रनाथांची ‘काबुलीवाला’ ही गोष्ट १८९२ सालची. त्यांतला रहमत प्रथम दिसतो तो हातांत द्राक्षांच्या दोन-चार पेट्या घेऊनच. गोष्ट वाचतांना आपलें लक्ष त्या बापाच्या अंतःकरणाकडे असतें व तें योग्यच आहे. पण त्या पेट्यांच्या मागें शेंकडों कोसांचा डोंगरी मार्ग आणि एक जुनी कला उभी होती, हेंहि विसरूं नये. १८९१ सालीं खोजक बोगदा तयार होऊन आगगाडी चमनपर्यंत गेली आणि कंदाहारकडचीं फळें तेथून डब्यांत चढूं लागलीं. महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. १९४७ च्या फाळणीनंतर मात्र या वाटेवर दोन सरहद्दी उभ्या राहिल्या, आणि फळांची वाहतूक राजकारणाच्या लहरीवर अवलंबून राहूं लागली.

युरोपांत एकोणिसाव्या शतकांत दोन पद्धती नांवारूपाला आल्या. पॅरिसजवळ फोंतेनब्लोच्या रानालगत तोमेरी नांवाचें एक गांव आहे. तेथें भिंतींच्या आधारानें शासला जातीची द्राक्षवेल चढवीत. घड नुसता न तोडतां वेलीच्या फांदीच्या तुकड्यासकट कापावयाचा आणि तो तुकडा पाण्यानें भरलेल्या लहान बाटलींत खोंचावयाचा. पाणी नासूं नये म्हणून त्यांत थोडा कोळसा टाकावयाचा. अशा शेंकडों बाटल्या अंधाऱ्या, थंड खोलींतील फळ्यांवर ओळीनें मांडून ठेवीत. घडाला वेलीचा भास व्हावा आणि देठ हिरवा रहावा, अशी ही योजना. कोणीतरी नित्य फिरून नासलेला मणी कात्रीनें काढून टाकी. अशा रीतीनें शरदांतील द्राक्षें वसंतापर्यंत टिकत. कला सुंदर, पण फार खर्चाची; हीं द्राक्षें श्रीमंतांच्या मेजासाठींच असत.

दुसरी पद्धत स्पेनच्या दक्षिणेकडील आल्मेरिया प्रांताची. तेथें ओहानेस नांवाचें जाड सालीचें, कणखर द्राक्ष होई. तें लांकडी पिंपांत बुचाच्या झाडाच्या सालीचा कोरडा भुगा घालून भरीत आणि आगबोटींनीं इंग्लंड-अमेरिकेकडे धाडीत. बुचाचा भुगा हलका, लवचिक आणि ओलावा टिपणारा. कोलुमेलाच्या भुशाचेंच काम त्यानें समुद्रावर केलें. या एका युक्तीवर सबंध प्रांताचें पोट चालत होतें. पुढें १९२४ सालीं फळमाशीच्या भयानें अमेरिकेनें आल्मेरियाच्या द्राक्षांना दार बंद केलें, आणि फळ नुसतें टिकून भागत नाहीं, पलीकडचें दारहि उघडें असावें लागतें, हा धडा तेथील बागाइतदारांना फार महागांत मिळाला.

आतांपर्यंतचे सारे उपाय अनुभवाचे होते. प्रयोगशाळेंतून आलेला मोठा उपाय म्हणजे गंधक. गंधक जाळल्यानें निघणाऱ्या वायूनें बुरशी मरते ही गोष्ट मद्य करणाऱ्यांना जुनीच ठाऊक होती. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षांना सबंध अमेरिका खंड ओलांडून पूर्वेच्या शहरांपर्यंत आगगाडीनें जावयाचें असे. बर्फाच्या डब्यांतूनहि माल पोंचेपर्यंत पुष्कळसा नासे. तेथील विद्यापीठांतील विंक्लर व जेकब या दोघांनीं हा वायु किती प्रमाणांत व किती वेळ द्यावा याचे पद्धतशीर प्रयोग करून १९२५ सालीं ते प्रसिद्ध केले. वायूचें प्रमाण योग्य असलें तर मण्याच्या पृष्ठावरील बुरशी मरते व देठ हिरवा राहतो. जास्त झालें तर मण्याचा रंग उडतो व चव बिघडते. पुढें याची आणखी सोपी युक्ति निघाली. सोडियम मेटाबायसल्फाइट या क्षाराची पूड कागदाच्या घडींत भरून तो कागद पेटींत द्राक्षांवर ठेवतात. द्राक्षांतून निघणाऱ्या ओलाव्यानेंच तो वायु थोडथोडा सुटत राहतो. म्हणजे जो ओलावा बुरशीचा मित्र, त्यालाच तिच्यावर पहारा करावयास बसविलें! सल्फाइट कांहीं जणांना, विशेषतः दम्याच्या रोग्यांना, बाधतें. म्हणून अमेरिकेंत द्राक्षांवर तें दहा लक्ष भागांत १० भागांहून अधिक राहूं नये असें बंधन आहे.

आतां आपल्या घरीं येऊं. महाराष्ट्राला द्राक्ष परकें नाहीं. चौदाव्या शतकांत इब्न बतूता दौलताबादेस आला होता. तेथें द्राक्षें व डाळिंबें होतात आणि वर्षांतून दोनदां बहर येतो, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. आपल्या हवेंत वेलीला थंड देशांतल्यासारखी पानगळीची विश्रांति मिळत नाहीं. म्हणून बागाइतदार एप्रिलांत खरड छाटणी करतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून एकच चांगलें पीक घेतो. नाशिककडील भोकरी, फकडी, हबशी या जुन्या जातींचीं नांवें वडीलधाऱ्या मंडळींच्या स्मरणांत असतील. १९६० नंतरच्या काळांत थॉम्पसन सीडलेस ही बिनबियांची जात आली, आणि तिनें व तिच्यापासून निघालेल्या तास-ए-गणेश, सोनाका इत्यादि जातींनीं नाशिक, सांगली, सोलापूरकडील बागा व्यापून टाकल्या.

पण एका बाबतींत निसर्गानें आपल्याला काबूलच्या उलट ठेवलें आहे. काबुली शेतकरी शरदांत द्राक्षें तोडतो आणि लागलीच हिंवाळा त्याच्या मदतीला धांवून येतो. त्याची मातीची वाटी चार महिने फळ राखते, यांत वाटीइतकाच त्या थंडीचाहि वांटा आहे. आपलें द्राक्ष तयार होतें तें माघ-फाल्गुनांत, आणि पुढें उभा असतो चैत्र-वैशाख! कंगीना उचलून नाशकांत आणली तर आंतल्या द्राक्षांचें काय होईल हें सांगावयास नको. म्हणून आपल्याकडे करंडींत पाला घालून भरलेलें द्राक्ष रातोरात मुंबईच्या बाजारांत पोंचवावें व येईल तो भाव घ्यावा, यावांचून गत्यंतर नसे. ज्याचा माल चार दिवसांत नासणार, त्याला भावाविषयीं घासाघीस कशी करतां येणार? घेणाराला थांबतां येतें, विकणाराला येत नाहीं. या एका गोष्टींत शेतकऱ्याचें अर्धें दैन्य सांठविलेलें आहे.

हें चित्र पालटलें तें कृत्रिम थंडाव्यानें, आणि तो थंडावा एकट्यादुकट्याच्या ऐपतीबाहेरचा असल्यामुळें, सहकारानें. द्राक्ष बागाइतदारांच्या सहकारी संस्थांनीं १९९१ सालीं एकत्र येऊन पुणें येथें ‘महाग्रेप्स’ ही संस्था उभारली. सकाळच्या गारव्यांत घड तोडावयाचे, चार-सहा तासांच्या आंत ते थंडाव्याच्या खोलींत नेऊन त्यांच्या अंगची ऊब काढून घ्यावयाची, गंधकाचा कागद घालून पेट्या भरावयाच्या आणि शून्य अंशाच्या आसपास, दमट हवेंत, त्या ठेवावयाच्या, ही शिस्त या संस्थांनीं गांवोगांवच्या बागाइतदारांच्या अंगवळणीं पाडली. तेव्हां कुठें नाशिक-सांगलीचें द्राक्ष आगबोटीनें युरोपच्या बाजारांत ताजें उतरूं लागलें. ही साखळी किती नाजूक आहे तें २०२४ च्या हंगामांत दिसलें. तांबड्या समुद्रांतील हल्ल्यांमुळें जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला आणि वाटेचे कित्येक दिवस वाढले. ज्या घडांची तोडणी व थंडावणी चोख, त्यांनाच असा वाढीव प्रवास झेपतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. थंडावा आणि गंधक यांनीं द्राक्षाचें आयुष्य वाढतें. गोडी वाढत नाहीं. हंगामाच्या आरंभीं भाव चढा असतो, आणि आठ दिवस आधीं घड उतरविण्याचा मोह बागाइतदाराला व त्याहून अधिक व्यापाऱ्याला होतो. परदेशीं जाणाऱ्या मालाच्या रसाची परीक्षा लहानशा यंत्रानें करून, १६ ते १८ अंश ब्रिक्स साखर असल्याखेरीज तोडणी करीत नाहींत. घरच्या बाजारांत असा पहारा नसतो. तेथें आंबट द्राक्षहि बर्फाच्या खोलींतून हिरवेंगार, टवटवीत होऊन बाहेर येतें आणि गिऱ्हाइकाला फसवितें. टिकविण्याची कला जितकी वाढली, तितकी ती चांगल्याप्रमाणें वाईटहि टिकवूं लागली, हें तिच्या यशाचेंच दुसरें अंग आहे.

म्हणून गृहिणींनीं व बाजारहाट करणाऱ्या गृहस्थांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. देठ पाहावा, आणि एक मणी चाखावा. देठ हिरवा असला तर माल ताजा. पण गोडीची साक्ष देठ देत नाहीं, ती जिभेनेंच घ्यावी. रंग किंचित् सोनेरीकडे झुकलेला असला तर हिरव्याहून तो बहुधा गोड. घरीं आणल्यावर फुटके, नासके मणी लागलीच कात्रीनें काढावे. सारा घड एकदम धुऊं नये व मण्यांवरचा तो पांढुरका थर पुसूं नये. खावयाचीं असतील तेवढींच द्राक्षें त्या वेळीं नीट धुवावीं. बाकीचीं देठासकट, भोकें असलेल्या पिशवींत घालून शीतकपाटांत ठेवावीं, म्हणजे तीं सुकतहि नाहींत व घामेजतहि नाहींत. कोलुमेलाचा भुसा, काबूलची माती, आल्मेरियाचें बूच आणि कॅलिफोर्नियाचा गंधक यांनीं जें साधलें, तेंच घरच्या घरीं थोड्या प्रमाणांत असें साधतें.

गोडी वेलीनें द्यावयाची आणि सूर्यानें पिकवावयाची. ती न सांडतां ताटापर्यंत पोंचविणें एवढेंच माणसाच्या हातीं आहे. दोन हजार वर्षें माणसानें तेवढेंच केलें. आणि तेवढें नीट केल्यामुळें एके काळीं बादशहाच्या दस्तरखानावर मिरविणारें हें फळ आज मध्यम स्थितींतल्या घरांतील मुलांच्या हातीं पडूं लागलें, आणि तें पिकविणाराला बाजारांत चार दिवस ताठ मानेनें उभें राहतां येऊं लागलें.